हुंडीपासून क्यूआर कोडपर्यंत : माहिती तंत्रज्ञान आणि आपला व्यापार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



माहिती तंत्रज्ञान आणि बदलता व्यापार हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, हा विषय एखाद्या संगणक अभियंत्याने मांडावयास हवा होता. समाजात आज अभियंत्यांची वाण नाही. उलट दुकानावर बसणाऱ्या मुलापेक्षा पुण्यात संगणकासमोर बसणाऱ्या मुलाला स्थळे लवकर येतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. परंतु या विषयाशी कापडवाल्याचे नाते अभियंत्याइतकेच जुने आहे, किंबहुना थोडे अधिकच जुने आहे.

१८०४ साली फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार यांनी मागावर नक्षी विणण्याची एक नवी युक्ती प्रचारात आणली. पुठ्ठ्याच्या पत्र्यांना ठरावीक जागी छिद्रे पाडावयाची आणि त्या पत्र्यांची माळ मागावरून फिरवावयाची. जेथे छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, जेथे नसेल तेथे तो खालीच राही. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोन संकेतांवर फुले, वेली आणि पक्षी कापडावर उतरत. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हीच कल्पना घेतली, आणि १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी छिद्रे पाडलेल्या पत्रांवरूनच माणसे मोजली. इचलकरंजीच्या मागांवर ‘जॅकार्ड’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यातला आहे. संगणकाचा एक पूर्वज असा मागावर बसलेला सापडतो.

आपल्या देशातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. टॅली या हिशेबाच्या प्रणालीचा उगम १९८६ साली बेंगळुरू येथे श्यामसुंदर गोयनका आणि भरत गोयनका या पितापुत्रांच्या हातून झाला. वडील कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्यांच्या हिशेबाला मनाजोगती प्रणाली मिळेना, म्हणून गणिताचे पदवीधर असलेल्या मुलाने ती स्वतः तयार केली. आमच्या पिढीने बी.कॉम.च्या वर्गात कीर्द आणि खतावणी हाताने लिहून दुहेरी नोंद शिकली; तीच दुहेरी नोंद आज पडद्याआड यंत्र करते. दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपण वहीपूजन करतो. आता बहुतेक पेढ्यांवर लाल कापडाच्या वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लागते. काही ज्येष्ठांना ते खटकते. मला व्यक्तिशः त्यात वावगे काही दिसत नाही. पूजन हिशेबाचे असते, पुठ्ठ्याचे नसते.

मग नेमके बदलले काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी आपल्याला थोडे मागे, हुंडीच्या काळात नेऊ इच्छितो.

हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली आज्ञा : हे पत्र घेऊन येणाऱ्यास इतके रुपये द्यावेत. रोकड जागची हलत नसे, प्रवास करी ती फक्त माहिती. या अर्थाने हुंडी हे त्या काळचे माहिती तंत्रज्ञानच होय, आणि आपल्या पूर्वजांनी त्यात जे बारकावे योजले होते ते पाहिले की आजच्या अनेक ‘नव्या’ गोष्टी ओळखीच्या वाटू लागतात. दर्शनी हुंडी पाहताक्षणी वटवावयाची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीची रक्कम कोणाही वाटसरूस मिळत नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच ती दिली जाई, म्हणजे रक्कम कोणाच्या हाती गेली हे मागाहून निश्चित सांगता येई. बँका आज ‘केवायसी’ म्हणून कागदपत्रे मागतात, त्यामागचा हेतू याहून निराळा नाही. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला ‘पेठ’ म्हणत; तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. संगणकाच्या भाषेत ज्याला बॅकअप म्हणतात तो हाच. वटलेली हुंडी रद्द करून ठेवीत, ती ‘खोका’ होई. (या शब्दाला अलीकडे जो अर्थ चिकटला आहे तो येथे अभिप्रेत नाही.) आणि जोखमी हुंडी तर फार चतुराईची होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली. विमा आणि वसुली एकाच कागदात गुंफलेली होती. इंटरनेटवरून माल मागवून दारात आल्यावर पैसे देणारा आजचा ग्राहक याच वंशातला आहे.

इंग्रज सरकारने १८८१ साली परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषेतील हुंडीच्या स्थानिक रूढीला त्यांनी पहिल्याच कलमात अभय दिले. बाजाराची रीत कायद्याहून अधिक पक्की आहे, हे त्यांना उमगले असावे.

ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती. हुंडी लिहिणारा आणि ती वटविणारा एकमेकांना ओळखत होते. ओळख नसेल तर आडत्या मध्ये असे, दलाल मध्ये असे, गावचा, गोत्राचा, मंदिराचा कोणीतरी माणूस मध्ये असे. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये नवखा व्यापारी प्रथम गेला की त्याच्या भांडवलापेक्षा ‘कोणाकडून आलात?’ ही चौकशी आधी होई. पत ही माणसाच्या तोंडून दुसऱ्या माणसाच्या कानात जात असे.

माहिती तंत्रज्ञानाने बदल घडविला आहे तो येथे. पत आता तोंडाने सांगितली जात नाही, ती नोंदीतून वाचली जाते. आणि ती वाचणारा आपल्याला ओळखत नसतो. वेग वाढला, अंतर मिटले, कागद गेला, हे सर्व खरे असले तरी त्यामागून येणारे आहे.

बँकांचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. १९८४ साली आणि पुन्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी बँकांच्या यांत्रिकीकरणाचा मार्ग आखला. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता मिळाली. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस, आणि २०१६ मध्ये यूपीआय. बाहेरगावचा धनादेश वटण्यास दोन-दोन, तीन-तीन आठवडे लागत, त्या काळात रक्कम ना देणाऱ्याकडे असे ना घेणाऱ्याकडे. हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. आता डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू असते, रविवारीही आणि सणालाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीवरील छोटी पेटी ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगते, तेव्हा त्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद कोठेतरी होत असते. ज्यांच्यासाठी कोणी आडत्या कधी शब्द टाकणार नव्हता, त्यांच्यापाशी आता कर्ज मागताना दाखविण्यासारखा काही पुरावा आहे. मला या बदलातील ही सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

आता आपल्या कापडाकडे वळतो. येथे मला थोडे विस्ताराने बोलावे लागेल, कारण गेल्या काही वर्षांत जे घडले त्याचा खरा अर्थ बाजारातही अनेकांच्या ध्यानात आलेला नाही.

१९५७ च्या एका केंद्रीय कायद्याने कापड, साखर आणि तंबाखू यांवर विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादन शुल्क लावले. ते कारखान्यापाशीच वसूल होई. त्यामुळे पिढ्यानपिढ्या कापडाच्या व्यापाऱ्याचा विक्रीकर खात्याशी संबंधच येत नसे. तयार कपडेवाल्यांना कर होता; तागे विकणाऱ्यांना नव्हता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ज्यांनी जन्मात विवरणपत्र भरले नव्हते त्या कापड बाजाराला एकदम संगणकासमोर बसावे लागले. त्या महिन्यात सुरतेचा बाजार बंद होता, हे आपल्याला आठवत असेल. विरोध कराच्या दरापेक्षा नोंदीला अधिक होता, असे माझे मत आहे. दर पाच टक्के होता. पण दर ताग्यामागे एक बिल, आणि प्रत्येक बिल सरकारच्या पडद्यावर, ही गोष्ट नवी होती. पाठोपाठ एप्रिल २०१८ मध्ये आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल आले. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरील उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झाले आणि उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ती मर्यादा पाच कोटींवर आली.

यातील एक नियम मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट तेव्हाच मिळते, जेव्हा विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणात दाखविलेले असते. आपण मालाचे आणि कराचे पैसे पूर्ण चुकते केले, परंतु भिवंडीच्या विक्रेत्याने विवरणच भरले नाही, तर अडकते आपली रक्कम. या नियमावर बाजारात रोष आहे आणि तो अनाठायी नाही. प्रामाणिक माणसाला दुसऱ्याच्या आळसाचा दंड का, या प्रश्नाला सरकारपाशी समाधानकारक उत्तर नाही. शिवाय लहान दुकानदाराला करसल्लागाराचे मासिक शुल्क, संगणक आणि तो चालविणारा मुलगा, एवढा खर्च नफ्यातूनच काढावा लागतो. मोठ्या पेढीला तो जाणवतही नाही. परंतु याची दुसरी बाजूही पाहावी. पूर्वी दोन पैसे स्वस्त मिळतात म्हणून आपण कोणाकडूनही माल उचलत होतो. आता समोरचा नियमाने नोंद करतो की नाही, हे पाहूनच खरेदी करावी लागते. ‘कोणाकडून आलात?’ हा मुळजी जेठा मार्केटमधील जुना प्रश्न नव्या रूपाने परत आला आहे.

उधारीचेही तसेच. नव्वद दिवस, एकशेवीस दिवस, दिवाळीचे दिवाळीला, अशी आपल्या धंद्यातील उधारी. त्या साखळीच्या टोकाला बसलेला यंत्रमागधारक किती व्याजाने सूत आणतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. २०२३ च्या वित्त कायद्याने तरतूद केली की, सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लिखित करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच आयकरात मान्य होईल. २०२४ च्या आरंभी सुरतेपासून इचलकरंजीपर्यंत बाजारात जी धावपळ उडाली ती आपण पाहिली. काहींनी परत केलेल्या मालाच्या नोंदी केल्या, काहींनी लहान उत्पादकाकडून घेणेच थांबविले. हे योग्य झाले असे मला वाटत नाही. ज्याच्या श्रमावर आपले दुकान चालते, त्याचे दीड महिन्यात देणे व्यापाऱ्याला अशक्य असू नये.

विक्रीच्या बाजूला याहून मोठा भूकंप झाला. फ्लिपकार्टने २००७ साली बेंगळुरूत पुस्तकांपासून आरंभ केला. २०१० मध्ये त्यांनी माल दारात आल्यावर पैसे घेण्याची सोय केली, आणि भारतीय गृहिणीचा अविश्वास तेथे संपला. २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा घेतला. आम्ही कापडवाले तेव्हा स्वस्थ होतो. आमचे म्हणणे असे की, पुस्तक कोठेही घेतले तरी तेच असते, पण कापड हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पोत चिमटीत धरून पाहावा लागतो, पन्हा मोजावा लागतो, उजेडात नेऊन रंग पाहावा लागतो. हे म्हणणे अर्धे बरोबर ठरले. इंटरनेटवर घेतलेली वस्त्रे परत जाण्याचे प्रमाण मोठे आहे, ते याच कारणाने. उरलेले अर्धे मात्र ग्राहकाने खोटे ठरविले. तो दुकानात येतो, ताग्यावर हात फिरवितो, फोनवर छायाचित्र घेतो, आणि दुसरीकडचा भाव आपल्यालाच दाखवितो.

अशा वेळी पुष्कळ दुकानदार रागावतात. रागावून उपयोग नाही. ज्या भावाशी आपली तुलना होते त्या वस्तूचे वर्णन नीट वाचावे. ‘पैठणी’ म्हणून जी साडी काही शे रुपयांत दाखविली जाते ती यंत्रमागावरची, कृत्रिम धाग्याची असते. ‘प्युअर कॉटन’ म्हणून येणाऱ्या वस्त्रात पॉलिएस्टरची मिसळ सापडते. ग्राहकाला हे आपल्याइतके चांगले कोण सांगू शकेल? सूत कोणते, किती काउंटचे, टू बाय टू रुबिया आणि साधे ब्लाऊजपीस यांत फरक कोणता, पहिल्या धुण्यात किती आटेल, रंग उतरेल की नाही, हे ज्ञान आपल्यापाशी आहे आणि ते आपण आजवर फुकट वाटले. आता ते बिलावर आणि फोनवरच्या छायाचित्राखाली लिहून द्यावे. ‘आटते’ असे लिहिलेले कापड कमी विकले जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या दुकानाचा अनुभव असा की, ते कमी परत येते.

आणि येथे मला आपल्या शास्त्राचे स्मरण होते. आचार्य उमास्वामींच्या (उमास्वातींच्या) तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य आणि अचौर्य या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. पर्युषणाच्या दिवसांत आपण ते दरवर्षी ऐकतो. दुकानात बसून ते पुन्हा वाचले की, ते आपल्याच धंद्यासाठी लिहिले असावेत असे वाटते. हलकी वस्तू भारी म्हणून विकणे हा प्रतिरूपकव्यवहार. त्याचे आजचे रूप आताच सांगितले. खोटा लेख तयार करणे ही कूटलेखक्रिया. पैसे देऊन लिहवून घेतलेले कौतुकाचे अभिप्राय आणि मालाशिवाय फिरणारी बिले या दोन्ही गोष्टी तिच्यातच मोडतात. संगणक खोटे बोलत नाही, असे लोक म्हणतात. संगणक स्वतःहून काहीच बोलत नाही. त्यात जे लिहाल तेच तो सुबक अक्षरांत परत दाखवितो. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेल्याचा आरोप पोलिसांकडील तक्रारीत होता. ठेवीदारांना आरंभी फक्त हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्या बँकेत संगणक होते, लेखापरीक्षकही होते. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेवींवरील विम्याचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. संस्थेच्या आणि घरच्या ठेवी एकाच बँकेत ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

न्यासापहार हा अतिचार तर फार सूक्ष्म आहे. टीकाकार त्याचा अर्थ असा करतात : ठेव ठेवणारा आपली नेमकी रक्कम विसरला आणि त्याने कमी मागितली, तर ‘बरोबर आहे, तेवढीच होती’ म्हणून ती देणे. चोरी केली नाही, केवळ आठवण करून दिली नाही. आपल्या किती घरांत वडिलांच्या जुन्या ठेवपावत्या विस्मरणात गेल्या आहेत! दहा वर्षे हक्क न सांगितलेल्या ठेवी बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाची सोय इंटरनेटवर केली. नाव आणि ओळखीचा एखादा तपशील दिला की निरनिराळ्या बँकांतील अशा ठेवी कळतात. विसरलेल्याला आठवण करून देणारे यंत्र, असे तिचे वर्णन करता येईल.

आणखी एक अतिचार साकारमंत्रभेद. चेहऱ्यावरील हालचालींवरून दुसऱ्याच्या मनातील गोष्ट ओळखून ती उघड करणे. आज आपण फोनवर लग्नाच्या शालूचा एकदा शोध घेतला की पुढे महिनाभर दागिने, मंगल कार्यालये आणि केटरर यांच्या जाहिराती मागे लागतात. घरात लग्न ठरते आहे हे शेजाऱ्याला कळण्यापूर्वी परक्या कंपनीला कळलेले असते. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो या दिशेने पहिले पाऊल आहे. पण मोठ्या कंपन्यांकडे बोट दाखविताना आपणही पाहावे की, बिलासाठी घेतलेला गिऱ्हाइकाचा फोन नंबर आपण आणखी कोणाला देतो.

आता मी आजच्या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे येतो. युवक मंडळाच्या मित्रांनी तो विशेष लक्ष देऊन ऐकावा, ही विनंती.

आपल्याच समाजातील एका वयोवृद्ध गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न घेता सांगतो. आयुष्यभर व्यापार केलेला, लाखोंच्या मालाची पारख करणारा माणूस. दुपारी फोन आला की, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. मग चित्रफोनवर गणवेशातील अधिकारी, पाठीमागे सरकारी बोधचिन्ह, नंतर ‘न्यायाधीश’ही. खोलीचे दार लावून बसा, कोणाशी बोललात तर मुलालाही अटक होईल. दोन दिवस ते फोनसमोर बसून होते. घरात सर्वांना सांगितले की प्रकृती बरी नाही, जपाला बसतो. त्यांनी ठेव मोडली आणि ‘पडताळणीसाठी’ म्हणून सांगितलेल्या खात्यात रक्कम भरली. पैसे गेले, याहून मला दुःख झाले ते पुढच्या गोष्टीचे. फसवणूक ध्यानात आल्यावरही तीन आठवडे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मुलाला नाही, पत्नीला नाही. लोक काय म्हणतील, इतका हुशार माणूस आणि असा कसा फसला, ही लाज.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या ‘डिजिटल अटके’चा उल्लेख करून सांगितले की, कायद्यात अशी अटकच नाही. कोणताही पोलीस, न्यायालय किंवा बँक फोनवर पैसे मागत नाही. असे घडले तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. तत्काळ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने सरकत असते. वाटेत असतानाच ती गोठविता येते. पहिल्या तासात जे शक्य असते ते तीन आठवड्यांनी शक्य नसते. ज्या यूपीआयच्या वेगाचे मी मघाशी कौतुक केले, तोच वेग येथे चोराच्या उपयोगी पडतो.

आपल्या समाजात अब्रूला मोठे मोल आहे. व्यापारी पेढ्या तीवरच चालल्या. चोरांनी हे अचूक हेरले आहे. ते पैशाची नव्हे, अब्रूची भीती घालतात, आणि नंतर त्याच भीतीने माणूस गप्प बसतो. म्हणून लुबाडल्या गेलेल्या माणसाला घरात किंवा मंदिराच्या आवारात कोणी हसता कामा नये. एखाद्याच्या दुकानात चोरी झाली तर आपण त्याला भेटावयास जातो. याही वेळी जावे.

बँकाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले. त्यांतील बरेचसे परदेशांतील एटीएममधून गेले. तेव्हा एकट्या ज्येष्ठ नागरिकाने स्वतःला मूर्ख समजण्याचे कारण नाही.

आता संस्थेपुरते थोडेसे. आपल्या देणगीपेटीवरील क्यूआर कोडवर दुसरा कोड चिकटविण्याचे प्रकार इतरत्र घडलेले आहेत. म्हणून दर सकाळी पूजेपूर्वी पुजाऱ्यांनी एक रुपया पाठवून समोर संस्थेचेच नाव येते की नाही हे पाहावे. करसवलतीस पात्र संस्थांना देणगीदारांच्या नावांचे विवरण आयकर खात्याकडे पाठविण्याची पद्धत २०२१-२२ या आर्थिक वर्षातील देणग्यांपासून सुरू झाली. त्यामुळे पावतीवर नाव आणि पॅन क्रमांक अचूक लिहिले गेले पाहिजेत. काही श्रावक विचारतात की, मग गुप्तदानाचे काय? फोनवरून दिलेले दान गुप्त राहत नाही, हे खरे. बँकेला आणि कार्यालयाला ते कळते. ज्यांना डाव्या हाताचे उजव्या हाताला कळू द्यावयाचे नसेल, त्यांच्यासाठी पितळी पेटी पूर्वीच्याच जागी आहे. त्यांनी फक्त करसवलतीची अपेक्षा ठेवू नये.

शेवटी विश्वस्त मंडळाने संमत केलेली एक योजना जाहीर करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. येत्या चातुर्मासात दर रविवारी प्रवचन संपल्यानंतर दीड तास, स्वाध्याय भवनाच्या खालच्या सभागृहात, युवक मंडळाचे कार्यकर्ते ज्येष्ठांना फोनवरील बँक व्यवहार शिकवतील. पहिल्या तुकडीत श्राविकांना प्राधान्य आहे. कितीतरी घरांत पती गेल्यावर पत्नीला खाते कोठे, वारस म्हणून नाव कोणाचे लागले आहे, हेही ठाऊक नसते. आपल्या पासबुकांवर आणि ठेवपावत्यांवर वारसाची नोंद झाली आहे का, हे त्या तुकडीत सर्वांत आधी पाहिले जाईल. दुसऱ्या रविवारी ‘उद्गम’वर जुन्या ठेवींचा शोध घेतला जाईल. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याचा फोन हातात घ्यावयाचा नाही, आणि कोणाचाही पिन विचारावयाचा नाही. तो कोणी विचारलाच तर, मग तो माझा नातू का असेना, सांगू नये.

नावे संस्थेच्या कार्यालयात येत्या अष्टमीपर्यंत नोंदवावीत. येताना चष्मा, आपला स्वतःचा फोन आणि त्याचा चार्जर बरोबर आणावा. सभागृहात विजेची जोडणी पुरेशी करून घेतली आहे.

जय जिनेंद्र.